बाळ दर वेळी दूध टाकतंय, काळजी करावी का?

प्रेषक: सायली (स्लाव)
प्रति: मंडळ यादी (ब्रिटनमधल्या मराठी मंडळाची ईमेल यादी)

नमस्कार मंडळी,

आमची लेक पाच आठवड्यांची झाली. अंगावरच पिते. पण जवळजवळ प्रत्येक वेळी पिऊन झालं की तोंडातून दूध येतं, कधी पातळ, कधी दह्याच्या कवड्यांसारखं. ती रडत नाही, दूध टाकून पुन्हा हातपाय हलवत खेळत राहते. साताऱ्याहून आई आली आहे. तिला वाटतं दूध पचत नाहीये, तेव्हा गुटी सुरू करावी आणि रात्री बाळाला कुशीवर, पाठीला दुपट्याची गुंडाळी लावून निजवावं. दिवसभर फडकी धुऊन जीव मेटाकुटीला आलाय. रात्री तिच्या घशाचा जरासा आवाज आला तरी मी उठून बसते. जीपीकडे (इथल्या फॅमिली डॉक्टरकडे) जावं का?

सायली

---

प्रेषक: सुनंदाकाकू (हॅरो)

सायली बाळा,

मी नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स होते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. तू लिहिलंस त्यावरून तरी हे नेहमीचं दूध टाकणं दिसतंय. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप या वयात नीट आवळत नाही. त्यात बाळाचा आहार सगळा पातळ आणि बाळ सदा आडवं, म्हणून प्यायलेलं थोडं वर येतं. दह्यासारखं दिसतं ते जठरातल्या आम्लामुळे. त्याचा अर्थ दूध बाधलं असा नव्हे. उपचारांबद्दल सूचना काढणाऱ्या इथल्या नाइस संस्थेची मार्गदर्शक सूचना सांगते, की निदान ४० टक्के बाळांना हे होतं, बहुधा आठ आठवड्यांच्या आत सुरू होतं आणि दहांतल्या नऊ बाळांचं वर्षाच्या आत थांबतं.

फडक्यावर डाग मोठा दिसतो म्हणून घाबरायला होतं. दोन चमचे दूध मुद्दाम फडक्यावर ओतून बघ, किती पसरतं ते. खरं उत्तर वजनात मिळतं. हेल्थ व्हिजिटरच्या (लहान बाळांकडे बघणाऱ्या नर्सच्या) क्लिनिकमध्ये वजन करून घे आणि रेड बुकातली, म्हणजे बाळाच्या आरोग्याच्या नोंदवहीतली, वजनाची रेघ बघ. या वयात रोज सुमारे २० ते ३० ग्रॅम वाढ होत असेल आणि दिवसभरात सहाएक नॅप्या चांगल्या भिजत असतील, तर दूध पोटात टिकतंय.

आईंना माझा नमस्कार सांग. त्यांची काळजी मला समजते, पण गुटी नको. पहिले सहा महिने दुधाशिवाय काही नको, जीपीने सांगितलेले डी जीवनसत्त्वाचे थेंब तेवढे चालू ठेव. गुटी चाटवताना मधाचं बोट तर अजिबात नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम होऊ शकतो, आणि तो जिवावर बेततो. निजवायचं ते उताणंच, सपाट गादीवर, उशी किंवा गुंडाळी न लावता. उताण्या बाळाला दूध ठसकेल असं सगळ्यांना वाटतं, पण त्या स्थितीत श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेलं दूध सहसा तिच्यात उतरत नाही. या देशात १९९१ साली उताणं निजवण्याची मोहीम सुरू झाली आणि पाळण्यातले अकस्मात मृत्यू झपाट्याने घटले. ते वॉर्डातले दिवस मी विसरलेली नाही. या एका बाबतीत कुणाचंही ऐकू नकोस.

आईंना ढेकर काढायचं काम दे. मध्येच एकदा आणि पिऊन झाल्यावर खांद्यावर घेऊन पाठीवरून हात फिरवायचा, मग वीसएक मिनिटं उभं धरायचं. मालिश आणि अंघोळ पाजायच्या आधी.

आता डॉक्टर कधी, ते नीट वाच. उलटी हिरवी असेल तर सकाळची वाट बघायची नाही, थेट ए अँड ई, म्हणजे हॉस्पिटलचा तातडीचा विभाग. पित्त असं हिरवं येणं म्हणजे आतड्याला पीळ पडल्याची शंका, आणि तिथे तासांचा प्रश्न असतो. डागलेलं फडकं सोबत ने, डॉक्टरांना रंग बघायचा असतो. रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही पडलं, पोट फुगून कडक झालं, बाळ मलूल पडलं, पिईनासं झालं, टाळू खोल गेली, तरी तेच. तीन महिन्यांच्या आत ३८ अंश सेल्सिअस ताप आला तर एरवी बाळ ठीक दिसलं तरीही लगेच दाखवायचं. शीमध्ये रक्ताच्या रेषा, अंगावर खाजरं पुरळ असं सोबत असेल तर गाईच्या दुधाची ॲलर्जी असू शकते. ते जीपीला सांग, स्वतःच्या मनाने तुझ्या जेवणातलं दूधदुभतं सोडू नकोस.

काकू

---

प्रेषक: मंदार (रेडिंग)

सायली, काकूंच्या मेलला जोडून एक गोष्ट, कारण तुमची लेक नेमकी त्याच वयाची आहे. आमचा मुलगा पाच आठवड्यांचा असताना दूध ओघळायचं थांबलं आणि जोराने, लांब उडायला लागलं. दर वेळी. उलटी झाली की पुन्हा भुकेने रडायचा. नॅप्या कोरड्या राहू लागल्या, वजन उतरलं. जठराच्या तोंडाचा स्नायू जाड होऊन वाट बंद झाली होती, ते सोनोग्राफीत दिसलं. दोन ते आठ आठवड्यांच्या दरम्यान हे होतं, मुलांमध्ये मुलींपेक्षा बरंच जास्त. आधी सलाइन लावून रक्तातले क्षार जागेवर आणले, मग ऑपरेशन. स्नायूला छोटा छेद देतात. दुसऱ्या दिवशी तो दूध पीत होता. तेव्हा उलटीत जोर दिसला आणि ती पुन्हा पुन्हा झाली, तर त्याच दिवशी दाखवा. रात्री-अपरात्री शंका आली तर १११ या वैद्यकीय सल्ल्याच्या नंबरला फोन करा. ‘लहान गोष्टीसाठी कशाला’ असं म्हणत बसू नका.

मंदार

---

प्रेषक: सायली

काकू, मंदार, मनापासून आभार. आईला दोन्ही मेल वाचून दाखवले. मधाचं तिला माहीत नव्हतं, लगेच पटलं. उताणं निजवायचं अजून जड जातंय, पण दुपट्याची गुंडाळी तिने स्वतःच काढून ठेवली. गुरुवारी क्लिनिकला वजन करतोय. काकू, डाव्या बाजूने पाजताना ती जास्त गटागटा पिते आणि त्यानंतरच जास्त टाकते. त्याला काही करता येतं का?

---

प्रेषक: सुनंदाकाकू

दूध जोरात येत असेल. तू मागे रेलून बस आणि तिला वरून घे, म्हणजे धार कमी होते. गुरुवारी हेल्थ व्हिजिटरसमोर एकदा पाजून दाखव, पकड बरोबर आहे का ते ती बघेल. वजन कळव.