जीपॅटसाठी ऑनलाइन क्लास लावू का? बजेट २,५०० (सोलापूर)

सहावंसेम_पूर्वभाग: बी. फार्म. सहावं सेमिस्टर चालू आहे, पुढच्या वर्षी जीपॅट, म्हणजे एम. फार्म.ची प्रवेश परीक्षा, द्यायची आहे. २,५०० रुपये साठलेत, त्यावर एक रुपया नाही. ॲपवर क्लास लावू, की यूट्यूब-टेलिग्रामवर भागेल? घराखालीच पप्पांचे चार माग आहेत. रात्री नऊपर्यंत खडखडाट, लाइव्ह लेक्चर अर्धं ऐकूच येत नाही.

पुण्यात_स्थायिक: सरळ पुण्याला ये. मी २२,००० भरून ऑफलाइन क्लास लावला, रूमभाडं वेगळं. आता जीपॅटमुळं एम. फार्म.ला महिन्याला १२,४०० स्टायपेंड मिळतोय, सगळे वसूल. सोलापुरात राहून होत नाही.

होटगीरोडकर: होत कसं नाही? आमच्या बॅचचे तिघं इथंच अभ्यास करून क्वालिफाय झाले. आणि ती २,५०० म्हणतेय, तुम्ही २२,००० सांगताय.

टॅबवाला: मोबाईलवर डोळे जातात. मी १४,००० चा टॅब घेतला, औषधांच्या रेणूंची स्ट्रक्चर झूम करून बघता येतात. आवाजाचा त्रास असेल तर नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घे.

लॉकडाऊन_बॅच: व्हिडिओवर फार विसंबू नकोस. आमचं पहिलं वर्ष मोबाईलवरच गेलं. टायट्रेशनचे, म्हणजे थेंबाथेंबानं द्रावण सोडून फिकट गुलाबी रंगावर थांबायच्या प्रॅक्टिकलचे, व्हिडिओ इतके बघितले की पाठ होते. कॉलेज उघडल्यावर ब्युरेट (तोटी असलेली मापाची नळी) हातात आलं आणि फिकट गुलाबी रंग कधी येऊन गेला कळलंच नाही, फ्लास्कमध्ये एकदम गडद गुलाबी. तीनदा तसंच झालं. शेवटी सरांनी माझा डावा हात धरून तोटी थेंबाथेंबानं सोडायला शिकवलं. त्या वर्षाचा राग अजून जात नाही.

टॅबवाला: जीपॅटला प्रॅक्टिकल नसतं.

लॉकडाऊन_बॅच: नोकरीला असतं ना!

काउंटरवरचा_काका: मी २६ वर्षं मेडिकल चालवतोय. आमच्याकडं उमेदवारीला आलेल्या पोरानं रील बघून पाठ केलेलं, 'बीपीची गोळी म्हणजे खोकला'. एका आजींना टेल्मिसार्टन चालू होती, हा त्यांना गोळी बंद करा म्हणून सांगायला निघाला. मी अडवलं. कोरडा खोकला येतो तो रामिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्याच गोळ्यांच्या गटानं, शरीरात ब्रॅडीकायनिन नावाचं द्रव्य साठतं म्हणून. टेल्मिसार्टननं सहसा येत नाही. आजींना डॉक्टरकडं पाठवलं. तीस सेकंदांच्या रीलवर औषध शिकू नकोस बाळ.

होटगीरोडकर: काका बरोबर बोलले. टेलिग्रामचंही तेच. ४९९ भरून 'संपूर्ण नोट्स' घेतल्या, उत्तरसूची दुसऱ्याच वर्षाची निघाली. महिन्याभरात चॅनलच गायब.

क्यूसी_ताई: चिंचोळी एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला आहे, जीपॅट दोनदा दिली. आधी पेपर समजून घे: १२५ प्रश्न, ५०० गुण, तीन तास. बरोबरला ४, चुकलं की १ वजा. केमिस्ट्री आणि फार्मास्युटिक्स (औषध बनवायचं शास्त्र) मिळूनच निम्म्याहून जास्त पेपर असतो, पोरी मात्र फार्माकॉलॉजीतच (औषध शरीरात काय करतं) अडकतात. पहिल्या वेळी मी अंदाजानं टिक करत गेले आणि त्यातच बुडाले. स्वयम-एनपीटेल या सरकारी ऑनलाइन कोर्सवर शिकणं फुकट आहे, परीक्षा द्यायची असेल तरच फी. रेकॉर्डेड असतं, माग बंद झाल्यावर बघ. पैसे टेस्ट सिरीजला, म्हणजे सराव पेपरांना, ठेव.

पुण्यात_स्थायिक: टेस्ट सिरीज क्लासमध्येच मिळते. म्हणूनच पुणे म्हणतोय.

सहावंसेम_पूर्वभाग: सगळ्यांचे मनापासून आभार. क्लास नाही, टॅब नाही, टेस्ट सिरीजही नाही. आम्ही चौघी मैत्रिणींनी ठरवलंय. वाचनालयाची फी भरायची, उरलेल्यात सीनियरकडून जुनी पुस्तकं घ्यायची. चौघींनी एकेक विषय वाटून घेतलाय, जिचा विषय ती रोज दहा प्रश्न काढून बाकीच्यांना देणार. ताई, चुकलेल्याचा एक गुण वजा करूनच बेरीज मारणार आहोत. काका, गोळ्यांचं अडलं तर दुकानात येऊन विचारलं तर चालेल का?

काउंटरवरचा_काका: दुपारी दोन ते चार ये. गिऱ्हाईक कमी असतं.

टॅबवाला: हेडफोन तरी घे.