मुक्या जनावरांचा छळ आणि कायदा : सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

प्राण्यांच्या छळाविरुद्ध 1960 चा कायदा आहे, हे सगळ्यांनाच ऐकून माहीत असतं. तक्रार द्यायला गेल्यावर काय होतं, ते जो गेला त्यालाच माहीत. तेवढंच लिहा. नावं-पत्ते नकोत.

जुळे सोलापूरवाली :
आमच्या गल्लीतल्या कुत्रीला एकाने गजाने मारलं. मागचा पाय नुसता लोंबत होता, आणि ती तशीच पिलांकडे सरपटत गेली. ठाण्यात अंमलदार म्हणाले, "मॅडम, एनसी होईल." म्हणजे अदखलपात्र, कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत. 1960 च्या कायद्याचं कलम 11 लावलं, तर पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये! एवढ्यात पाव किलो शेंगा चटणी येत नाही. तीन वर्षांत पुन्हा केलं तर 25 ते 100 रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.
मग ओळखीच्या वकिलांनी भारतीय न्याय संहितेचं कलम 325 सांगितलं. जनावर मारणं, विष घालणं, लुळं करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद, आणि गुन्हा दखलपात्र. पशुवैद्यकांकडून पाय कायमचा निकामी झाल्याचा दाखला आणला, तेव्हा कुठे एफआयआर झाला. तारखा चालू आहेत. दाखल्याशिवाय जाऊ नका बाई, हेलपाटे पडतात.

माळशिरसकर :
कुत्र्यांचं ठीक आहे ओ, बैलांचं कोण बघतंय? 1965 चा नियम आहे : दिवसात नऊ तासांवर काम नाही, सलग पाच तासांवर नाही, आणि पारा 37 च्या वर असेल तर दुपारी 12 ते 3 जुंपायचंच नाही. आपल्याकडं मार्च लागला की पारा तिथं पोचतोय. काठीला खिळा लावायलाही बंदी, तरी उसाच्या गाडीवाल्याकडं आर दिसतीच. पण मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेला गडी बैल सावलीला बांधून बसला तर खेपा कोण करणार? मुकादमाला विचारा की कायदा.

अशोक चौक :
आमच्या पोराला कुत्रं चावलंय, त्याचं कलम कुठलं?

जुळे सोलापूरवाली :
दादा, राग बरोबर आहे. पण मारून सुटत नाही. 2023 च्या नियमांप्रमाणे गल्लीतल्या कुत्र्याची नसबंदी आणि रेबीजची लस करून पुन्हा त्याच भागात सोडतात. ते काम महापालिकेचं. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगितलेलं विसरतात.

अक्कलकोट रोड :
माझ्या मावशीच्या दोन शेळ्या सकाळी तोंडाला फेस येऊन मेल्या. शेजाऱ्याशी बांधावरून वाद होताच. गावातले म्हणाले, पुरून टाका. मामांनी ऐकलं नाही, टेम्पोत घालून सरकारी दवाखान्यात नेल्या, शवविच्छेदन करून घेतलं. गव्हाणीतला उरलेला चाराही पोलिसांसमोर पिशवीत बांधून दिला. अहवालात विष निघालं, 325 लागलं. शेजारी आता तडजोडीला माणसं पाठवतोय. मावशी म्हणते, आधी शेळ्यांचे पैसे, मग चहा.