३९-२५ वर पसरणी घाट चढेल का? सपाटीवरचा सोलापूरकर विचारतोय

टॉवेलवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. वय ४१, वजन ७८. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. दोन वर्षांपूर्वी एक सेकंडहँड रोड बाइक घेतली. पुढे ५३ आणि ३९ दातांच्या दोन चकत्या, मागे ११ ते २५ दातांच्या, आणि रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेला रबर घासणारे. आठवड्यातून तीनदा पहाटे मोहोळला जाऊन येतो, साठ-पासष्ट किलोमीटर होतात. त्या रस्त्यावरचा सगळ्यात मोठा चढ म्हणजे उड्डाणपूल. यावरून माझी तयारी काय ते ओळखा.

डिसेंबरात आम्ही तिघं जीपवर सायकली टाकून वाईला जाणार आहोत. पहिला दिवस निवांत, मेणवली आणि धोम. दुसऱ्या दिवशी पसरणी घाटाने पाचगणी, जमलं तर पुढे महाबळेश्वर, आणि त्याच रस्त्याने खाली. बाकीचे दोघं पुण्यात राहतात, त्यांचे पाय घाटाला सरावलेले. मीच एकटा सायकल हातात धरून चालत वर पोचलो तर पुढची दहा वर्षं ऐकावं लागेल.

प्रश्न दोन. या गिअरवर घाट चढेल का? आणि सोलापूरच्या आसपास सराव कुठे करायचा? तुळजापूरचं नाव सगळे घेतात, पण तो घाट पुरेसा आहे का?

हुरडा_पार्टी

पुरेसा आहे की नाही हे तुळजापूरच्या शेवटच्या वळणावर तुमचं तुम्हालाच कळेल मालक. वर देवी आहेच सांभाळायला. जाताना एक ट्यूब जास्त ठेवा.

स्पोक_३२

दुकान आहे माझं, रोज हेच काम. थोडक्यात सांगतो.

३९-२५ म्हणजे पुढे ३९, मागे २५ दात, तुमचा सगळ्यात हलका गिअर. त्यात पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वातीन मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे धरले तर ताशी बारा किलोमीटर. चढावर बाराचा वेग तुम्हाला झेपणार नाही, मग फेरे पन्नास-चाळीसवर येतात आणि गुडघे बोलायला लागतात. चढता येईल, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरता येणार नाही.

पुढची ३९ काढून ३४ बसवा असं कुणी सांगेल. बसणार नाही. तुमची क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा आणि चकत्या बसतात तो भाग, १३० बीसीडीची असणार (चकतीचे बोल्ट १३० मिलिमीटरच्या वर्तुळात), तिच्यावर ३८ पेक्षा लहान चकती बसतच नाही. ३४ हवी तर अख्खी क्रँक बदला. त्यापेक्षा मागे ११-२८ ची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, टाका. तुमचा मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, शॉर्ट केज (आखूड) असला तरी २८ बहुतेक चालते. ३२ घालायला गेलात तर डिरेलरही बदलावा लागेल, मग खर्च वाढत जातो. कॅसेटबरोबर चेनही नवीन घ्या, जुनी चेन नव्या दातांवर उड्या मारते.

निवृत्त_एसटी_चालक

मालक, मी सायकलीतला जाणकार नाही. एसटीत एकतीस वर्षं स्टिअरिंग धरलं, तीन वर्षांपूर्वी रिटायर झालो. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, मुलाने सायकल आणून दिली. तुम्ही म्हणता तो पसरणी घाट मी बसने किती वेळा चढलो याचा हिशेब नाही, सायकलने दोनदा. म्हणून लिहितोय.

आधी घाटाचं सांगतो. वाई साधारण सातशे मीटरवर आहे, पाचगणी तेराशेच्या जवळ. मधलं अंतर बारा किलोमीटर. म्हणजे शंभर मीटर रस्त्याला सरासरी पाच मीटर चढ. हा दांडगा घाट नाही, चिवट घाट आहे. सपाटी मिळेल, मग दम खाऊ, या आशेवर राहू नका. बस भरलेली असली की आम्ही एकदा गिअर खाली घेतला की तो वरपर्यंत तसाच. इंजिनचा आवाज बदलला की समजायचं, आपण घाई करतोय. सायकलवर तो आवाज म्हणजे तुमचा श्वास. शेजारच्याशी एक वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. पहिले दोन किलोमीटर लाज वाटेल इतके हळू जा. पुण्याची मंडळी पुढे जाऊ देत.

आता सराव. तुळजापूर बरोबर आहे. सोलापूर साडेचारशे मीटरच्या आसपास, तुळजापूर साडेसहाशेच्या. पण ते पंचेचाळीस किलोमीटरभर पसरलेलं आहे, खरा घाट शेवटी, बालाघाटाच्या कडेला. एकदा चढून देवदर्शन करून परत आलात तर तो सराव नाही, ती यात्रा. घाट चढा, वरून वळा, खाली या, परत चढा. तीन वेळा. चौथ्यांदा नको वाटेल तेव्हा अंदाज येईल की बारा किलोमीटर सलग चढणं म्हणजे काय. पहाटे पाचला सोलापूर सोडा. कारखाने सुरू झाले की उसाच्या डबल ट्रॉल्या रस्त्यावर असतात, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अंधारात जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत. आणि कोजागरीला त्या रस्त्याला सायकल घालूच नका. अख्खं सोलापूर रात्रभर चालत तुळजापूरला निघालेलं असतं. तुम्हाला जायचंच असेल तर चालत जा.

वाऱ्याचंही ऐका. आपल्याकडे घाट नाही म्हणून रडू नका, वारा आहे. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटतो. तेव्हा नळदुर्गला जाताना पाठीवर हात ठेवून कुणी ढकलतंय असं वाटतं, आणि येताना बोरामणीपर्यंत मान वर करवत नाही. तासभर तोंडावर वारा घेऊन एकाच लयीत पाय फिरवता आले तर चढावर निम्मं काम झालं. पण वाऱ्याला गुण आहे, तो मधे जरा पडतो. चढ पडत नाही.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. तुम्ही चढायचं विचारलंत, उतरायचं नाही. मी पण विचारलं नव्हतं.

आमच्या धंद्यात पहिला धडा असतो, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. गाडी इंजिन धरतं, ब्रेक फक्त हात लावायला. हे माझ्या हाडात भिनलेलं. पहिल्यांदा सायकलने पसरणी चढलो, पाचगणीत चहा घेतला आणि उतरताना सवयीने गिअर खाली टाकला. काही झालं नाही! सायकलला इंजिनच नाही. पाय थांबवले की मागचं चाक मोकळं पळतं, गिअर कुठलाही असो. हे पोराला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं, पण एकतीस वर्षांचा अनुभव कुणाला विचारू देत नाही.

मग मी घाबरून दोन्ही ब्रेक धरले ते धरलेच. उजवीकडे खाली धोम धरणाचं पाणी चमकत होतं की डावीकडे, सांगता येणार नाही, माझी नजर पुढच्या वीस फुटांच्या बाहेर गेलीच नाही. सात-आठ किलोमीटर तसाच आलो. बोटं बधिर झाली. एका वळणावर बाजूला थांबलो आणि मूर्खासारखं पुढच्या रिमला बोट लावलं. तव्यावरच्या भाकरीला लावतात तसं. चर्रकन भाजलं. बोट तोंडात घालून उभा होतो, तेवढ्यात पुढची ट्यूब फुटली, फटाक्यासारखी. ब्रेकचे रबर सतत घासून रिम तापते, आतली हवा तापते, मग ट्यूब जाते. थांबलो नसतो तर ती त्या वळणात गेली असती आणि हे लिहायला मी नसतो.

तेव्हा ब्रेक धरून ठेवायचे नाहीत. वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर असतानाच दोन्ही ब्रेक नीट दाबायचे, वेग पाडायचा, सोडायचे. वळणात मोकळं जायचं. दोन दाबण्यांच्या मधे रिमला वारा लागतो, ती निवते. हात हँडलच्या खालच्या वाकावर, तिथून ब्रेकला जोर मिळतो. मधे दोनदा थांबा, बोटं हलवा. ब्रेकचे रबर निघायच्या आधी बदला आणि रबरात रुतलेली खडी सुईने काढा. वळणात बसला जागा द्या. आमचा मागचा ओव्हरहँग, म्हणजे मागच्या चाकापुढे निघालेला बसचा भाग, बाहेर फिरतो, आम्हाला तुम्ही आरशात दिसत नाही.

टॉवेलवाला_सोलापूर

काका, हात जोडतो. रिमचं हे मला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. स्पोक भाऊ, कॅसेटसाठी दुकानात येतो. एक विचारायचं राहिलं. तुळजापूरहून त्याच रस्त्याने परत यायचा कंटाळा येतो. नळदुर्गवरून फिरून आलं तर?

भीमाकाठची_बाई

मी करते तो फेरा. सोलापूर, तुळजापूर, नळदुर्ग, सोलापूर, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास होतं. तुळजापूर ते नळदुर्ग गाड्या कमी, दोन्ही बाजूंना तूर आणि ज्वारी. नळदुर्गात किल्ला बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका, एवढी अट. बोरी नदीवर धरण बांधून त्याच्या पोटातच महाल केलाय, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ चा शिलालेख आहे. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळत असतं आणि तुम्ही पाण्याच्या मागे पाणी महालात कोरडे उभे. सायकलचे बूट मात्र काढून हातात घ्या, तळाला पायडलमध्ये अडकवायच्या ज्या क्लिट असतात त्यांनी ओल्या दगडावर मी सपशेल आपटलेय.

पुढे सोलापूरकडे निघालात की अणदूर. तिथल्या खंडोबाची मूर्ती एकच आणि देवळं दोन, वर्षातला बहुतेक काळ देव अणदुरात, थोडे दिवस नळदुर्गात. कुठे आहे ते टपरीवर विचारा, चहाबरोबर उत्तर मिळतं.

चढ नको, नुसती जुनी गावं हवी असतील त्या रविवारी विजयपूर रोडने मंद्रूपच्या पुढे हत्तरसंग कुडलला जा. भीमा-सीनेचा संगम. संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४०, म्हणजे १०१८ चा मराठी लेख आहे, जो वाचील तो विजयी होईल अशा अर्थाचा. मी शाळेतल्या मुलींना सायकलवर नेलं होतं. एकीने अक्षरं लावायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तर म्हणाली, बाई, म्हणजे मी नापास का.

पंक्चरचं सगळे विसरलात. नळदुर्ग रस्त्याच्या कडेला सराटे आणि बाभळीचे काटे. टेकायला डांबर सोडून खाली उतरू नका. पंक्चर झालं तर नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवा, हळू. काटा आतच तुटलेला असतो, तो दुसरी ट्यूबही खातो.

टॉवेलवाला_सोलापूर

कालचा वृत्तांत. पाच वाजता निघालो, घाटाखाली पोचेपर्यंत उजाडलं. ३९-२५ वर पहिल्यांदा चढलो, न उतरता, पण शेवटच्या वळणावर वेग इतका कमी झाला की डोक्यावर बोचकं घेतलेल्या एक आजी मला मागे टाकून गेल्या. जाताना म्हणाल्या, "चाक हाय तर बसून का चालतोस रं?" दुसऱ्यांदा अर्ध्यात उतरलो. तिसऱ्यांदा गेलोच नाही, वर जाऊन धपाटे-दही खाल्लं.

उतरताना काकांचं ऐकलं. दाबायचं, सोडायचं. खाली थांबून रिमजवळ हात नेला, लावला नाही. कोमट होती.

नळदुर्ग पुढच्या रविवारी. काल घाटाखाली फोटो काढायला डांबर सोडून दोनच पावलं खाली उतरलो होतो. घरी येऊन टायर चाचपला, चार सराटे. कॅसेट सांगून ठेवली आहे, ११-२८.