स्प्रिंगमधली स्की टूर: तापमान उणे असूनही बर्फ गोठला नाही, हे आधी कळतं का?

झुरिकचा_भटक्या
नमस्कार मंडळी, स्की टूरिंगचा, म्हणजे स्की घालून स्वतः डोंगर चढून उतरायचा, माझा हा दुसराच सीझन. मागच्या शनिवारी आम्ही तिघं डावोसजवळ डिश्मा खोऱ्यात गेलो होतो. हिमस्खलनाच्या बुलेटिनमध्ये ओल्या बर्फासाठी धोक्याची पातळी सकाळी 1 आणि दुपारी 3 अशी होती म्हणून सहालाच निघालो, गाडी उणे 1 दाखवत होती, म्हटलं चला रात्री मस्त गोठलंय. पण साडेनऊलाच पूर्वेकडच्या उतारावर बूट नडगीपर्यंत रुतायला लागले आणि वरच्या खडकांखालून बर्फाचे गोळे घरंगळत यायला लागले, आधी लाडवाएवढे, मग चटई गुंडाळावी तसे मोठे होत. मागे फिरलो. तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे, उणे असूनही गोठलं का नाही? आणि बर्फात खड्डा खणून थर किती पक्के आहेत याची टेस्ट करायला हवी होती का?

इन्सब्रुकची_मावशी
फिरलात ते फार चांगलं केलंत रे. रात्री आभाळ कसं होतं ते आधी सांग. हवेचं तापमान ही अर्धीच गोष्ट आहे, आभाळ निरभ्र असलं की बर्फ आपली उष्णता सरळ वर सोडून देतो आणि हवा शून्याच्या थोडी वर असली तरी वरचा थर कडक होतो. ढग असले की तीच उष्णता परत खाली येते, मग उणे 1 ला सुद्धा नुसती पापडी धरते, आत सगळं ओलं. सकाळी पहिल्या दहा मिनिटांत स्कीचा पोल उलटा करून दाब, पापडी फोडून तो सहज आत गेला तर त्या दिवसाचा बेत तिथेच बदलायचा. आणि मूठभर बर्फ दाबून बघ, पाणी निथळलं तर प्रश्नच मिटला.

झुरिकचा_भटक्या
मावशी, चार वाजेपर्यंत ढगच होते, एक चांदणी दिसत नव्हती! आम्ही फक्त आकडा बघितला.

सह्याद्री_ते_आल्प्स
खड्ड्याबद्दल माझं मत सांगतो. कोरड्या बर्फातल्या अपघातांत स्लॅब, म्हणजे बर्फाची सलग लादी, बहुतेक वेळा स्की करणाऱ्याच्याच वजनाने सुटते, तिथे टेस्टचा उपयोग होतो. ओला बर्फ बहुतेक वेळा आपणहून सुटतो, त्यामुळे तिघांनी अंतर ठेवून हळू जाऊन तो थांबत नाही, त्या उताराखाली त्या वेळी नसणं हाच उपाय. घाटात पावसाळ्यात दरड येते ना तसंच समज, पाणी मुरत मुरत खाली जातं आणि पकड सुटते. सगळ्यात वाईट वेळ म्हणजे सीझनमध्ये पहिल्यांदाच पाणी तळापर्यंत पोचतं ती, खाली थंडीतला साखरेसारखा सुटा थर असेल तर अख्खा उतार निघतो. गुळगुळीत गवतावरचा बर्फ तर जमिनीवरूनच घसरतो, डावोसच्या वरचा डॉर्फबर्ग बघा, तिथल्या घसरणाऱ्या बर्फाचा एसएलएफवाले (डावोसची हिमस्खलन संशोधन संस्था) कॅमेरे लावून अभ्यास करतात. बर्फात माशाच्या तोंडासारखी भेग दिसली तर तिच्याखाली थांबून डबा उघडायचा नाही, भेग पडल्यावर तासाभराने सुटेल की आठवड्याने ते कोणीच सांगू शकत नाही.

गुलमर्गला_दर_मार्चला
आमच्याकडच्या लोकांसाठी एक भर घालते. गुलमर्ग 34 अंश उत्तर अक्षांशावर आहे, डावोस जवळपास 47 वर, म्हणजे मार्चमध्ये गुलमर्गच्या अफरवट डोंगराच्या दक्षिणेकडच्या उतारांवर ऊन किती चढं लागतं विचार करा. आल्प्सचं घड्याळ इथे लावू नका, लवकर निघा, लवकर खाली या. धूळही लक्षात ठेवा, 2022 च्या मार्चमध्ये सहाराची धूळ आल्प्सवर पडली तेव्हा बर्फ पिवळट झाला होता, असा मळका बर्फ ऊन जास्त शोषतो.

इन्सब्रुकची_मावशी
अगदी बरोबर. भटक्या, ऊन आधी पूर्वेला, मग दक्षिणेला, दुपारी पश्चिमेला लागतं, त्या हिशोबाने उतरायची वेळ आदल्या रात्रीच ठरवा, आणि तुमच्या डोक्यावर 30 अंशांच्या वरचा उतार कुठे आहे ते नकाशावर बघा, कारण तुम्ही सपाट वाटेवर असलात तरी वरचं येतं. ट्रान्सीव्हर (गाडलेला माणूस सिग्नलवरून शोधायचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी), फावडं आहेच, पण ओला बर्फ थांबला की सिमेंटसारखा बसतो, आणि गाडलेल्या माणसाकडे जेमतेम 10-15 मिनिटं असतात, तेवढ्यात तिघांपैकी दोघांनी खणून काढणं फार अवघड आहे बाळा.

झुरिकचा_भटक्या
सगळ्यांचे मनापासून आभार. या शनिवारी रात्री निरभ्र दाखवतंय, पण साडेतीनला उठून आधी खिडकीतून चांदण्या बघणार. दहाच्या आत खाली. वरच्या खडकांवर ऊन कधी पोचलं ते इथे येऊन लिहितो.