वस्ती आधी की प्रश्न?

मुलाखतींवर आधारलेल्या सामाजिक संशोधनासाठी वस्ती आधी निवडा, संशोधनाचा प्रश्न नंतर सुचेल, असा सल्ला दिला जातो. मला तो उलटा वाटतो. ‘शहरीकरणाचा कुटुंबावर परिणाम’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘पुनर्वसनानंतर भाडेकरूंचे शेजारसंबंध कशामुळे तुटतात?’ असं विचारलं की कोणाशी बोलायचं तेही ठरतं: राहिलेले भाडेकरू, घरमालक आणि वस्ती सोडून गेलेले. हे शेवटचे आराखड्यातून हमखास निसटतात, कारण त्यांना गाठणं जिकिरीचं. ओळखीतून ओळख काढत मुलाखतीसाठी माणसं गाठणार असाल तर सुरुवात किमान 3 वेगळ्या गटांतल्या माणसांपासून करा. नाहीतर एकाच गटाचं म्हणणं अख्ख्या वस्तीचं म्हणून छापलं जातं.

आणि तासाभराच्या मुलाखतीच्या शब्दांकनाला, म्हणजे ध्वनिमुद्रण ऐकून ती शब्दशः लिहून काढायला, साधारण 4 ते 6 तास लागतात. आराखड्यात 40 मुलाखती लिहिण्याआधी हा गुणाकार करून बघा.