कऱ्हा नदीच्या खोऱ्यातले ओढे सॅटेलाइटवरून कसे काढायचे?

प्रश्न: पुरंदर तालुक्यातल्या आमच्या गावाचा पाणलोट आराखडा करतोय. इस्रोच्या भुवन साइटवरून कार्टोसॅट उपग्रहाचा ३० मीटरचा डेम (जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा, एक चौकोन म्हणजे पिक्सेल ३० मीटरचा) घेतला, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला, पण कऱ्हेकाठच्या सपाट रानात ओढे पट्टीने आखल्यासारखे सरळ आणि एकाला एक समांतर येतायत, असले ओढे गावात कुणी बघितले नाहीत. काय चुकतंय?

उत्तर १: दादा, आधी फिल सिंक्स केलं का? डेममधले खोटे खड्डे बुजवल्याशिवाय फ्लो डायरेक्शन, म्हणजे पाणी कुठल्या दिशेला वाहतं ते, नीट निघतच नाही. आणि थ्रेशोल्ड, म्हणजे वरच्या किती पिक्सेलचं पाणी जमलं की ओढा धरायचा तो आकडा, किती ठेवलाय? एक पिक्सेल ९०० चौरस मीटर, म्हणजे १०० पिक्सेल धरले तर ९ हेक्टरला ओढा सुरू होतो, ५०० धरले तर ४५ हेक्टरला. वाढवून बघा.

उत्तर २: थ्रेशोल्ड वाढवून ते सरळ ओढे कमी होतील, जाणार नाहीत. सपाटीला उंचीतला फरक मीटरभरसुद्धा नसतो, तिथे डेमला उतार कळत नाही. टोपोशीटवरचे (सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावरचे) ओढे कॉम्प्युटरवर गिरवून डेममध्ये बर्न करा, म्हणजे त्या रेषेवरची उंची कमी करा. डोंगराकडचं मात्र छान येतं, बेसॉल्टच्या (काळ्या खडकाच्या) उतारावर झाडाच्या फांद्यांसारखं जाळं दिसतं. स्ट्रॅलर पद्धतीने ओढ्यांना नंबर द्या (सगळ्यात वरची ओघळ पहिल्या नंबरची, सारख्या नंबरच्या दोन मिळाल्या की पुढचा नंबर), पहिल्या-दुसऱ्या नंबरच्या ओघळींवर दगडी बांध, सिमेंट बंधारा खाली मोठ्या ओढ्यावर. माथा ते पायथा हा क्रम सोडू नका, वरची माती अडवली नाही तर खालचा बंधारा गाळानेच भरतो.

प्रश्नकर्ता: फिल राहिलंच होतं! आता डोंगराकडचे ओढे बरोबर आले, आमच्या विहिरीमागची ओघळ पण दिसली. सपाटीचं टोपोशीट घेऊन बसतो, आणि रविवारी म्हाताऱ्या माणसांना घेऊन शिवारफेरी करतो.