सर्व रंगरुटांना एकाच पद्धतीने शिकवावे का?

मूळ मुद्दा (माजी सैनिक, कोल्हापूर):
अग्निपथ योजनेत प्रशिक्षणाचा काळही चार वर्षांच्या सेवेतच धरलेला असल्यामुळे सावकाश शिकणाऱ्या मुलासाठी उस्तादांच्या, म्हणजे प्रशिक्षकांच्या, हाती फारसा वेळ उरत नाही. त्यातून 25 टक्क्यांपर्यंतच अग्निवीर पुढे कायम होणार, म्हणजे आरंभी मागे पडणे त्याला महागात पडू शकते. आमच्या तुकडीत चंदगडकडचा एक मुलगा होता. हिंदीतून रायफलच्या भागांची नावे भराभर सांगितली की तो गोंधळून जाई, परंतु तीच रायफल सतरंजीवर उघडून एकेक भाग त्याच्या हातात दिला, तेव्हा आठवड्याभरात तो डोळे बांधून ती जोडू लागला. मी स्वतः उजवा, पण माझा नेम डाव्या डोळ्याने लागतो, हे कोणाच्या लक्षात येईपर्यंत मी गोळीबारात तीनदा नापास झालो होतो. कसोटी सर्वांना एकच असावी. शिकवण्याची रीत मात्र मुलागणिक बदलायला हवी.

प्रतिसाद (निवृत्त सुभेदार, सातारा):
आपल्यापुढे एक मुलगा होता, माझ्यापुढे तीस असत. थकलेल्या, झोप न झालेल्या शरीराकडूनही तीच कृती बिनचूक घडावी, यासाठी सर्वांकडून ती एकाच ठेक्यात घोटून घेतली जाते. मागे पडणाऱ्याला पुढच्या तुकडीत बसवण्याची सोय आहेच. शिवाय अमेरिकेचा अनुभव पाहावा: 1966 मध्ये संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी चाचणीत कमी गुण मिळवणाऱ्यांना सैन्यात घेतले, आधुनिक अध्यापनतंत्राने ती उणीव भरून काढू असे सांगितले, आणि तीन लाखांहून अधिक तरुण भरती झाले, प्रत्यक्षात वाचन-लेखनाचे वेगळे शिक्षण त्यांतील थोड्यांनाच मिळाले.

मूळ लेखकाचे उत्तर:
सुभेदारसाहेब, तो भरतीचा निकष उतरवण्याचा प्रश्न होता. येथील मुले 2023 पासून आधी ऑनलाइन लेखी परीक्षा आणि मग मैदानी चाचणी पार करून येतात. प्रबळ डोळा, म्हणजे नेम ज्याने लागतो तो, ओळखायला तर मिनिटही लागत नाही: हात लांब करून दोन्ही तळव्यांमधल्या फटीतून दूरचा खांब पाहावा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटावा, ज्या डोळ्याला खांब दिसत राहतो, तो प्रबळ. एवढे पहिल्याच दिवशी केले असते, तर माझ्या तीन फेऱ्या वाचल्या असत्या.

प्रतिसाद (निवृत्त सुभेदार, सातारा):
ही चाचणी मला मान्य आहे. परंतु आपल्या सैन्यातील इन्सास रायफलची रिकामी काडतुसे उजवीकडे उडतात, म्हणजे डाव्या खांद्यावरून गोळी झाडणाऱ्याच्या तोंडासमोरून. तेव्हा अशा मुलाला खांदा बदलायला लावावा की डोळा, हेही आपण सांगावे.